मित्रासाठी शब्द टाकावा तो असा

आपल्या कार्यालयात मित्राची शिफारस करण्यापूर्वी त्याला ते काम येते की नाही याची चौकशी करण्याची एक खुळचट प्रथा काही माणसांत अजून टिकून आहे. ती तुम्ही पाळू नये. असले प्रश्न विचारल्याने मित्राचे मन दुखावते आणि शिवाय वेळ जातो. पुण्यात हिंजवडी, खराडी किंवा मगरपट्ट्यातल्या आयटी कंपनीत एचआरकडून रेफरलची, म्हणजे ओळखीची माणसे सुचवा अशी, मेल आली, की ज्याने सीव्ही आधी चढवला त्याचा उमेदवार, असा साधारण नियम असतो. तो सीव्ही एकदा कोणाच्या नावावर नोंदला गेला, की पुढचे काही महिने तोच दुसऱ्या कोणी चढवल्यास हे प्रोफाइल सिस्टीममध्ये आधीपासून असल्याचा संदेश येतो आणि रेफरल बोनसवर, म्हणजे सुचवलेला माणूस लागल्यावर तुम्हाला मिळणाऱ्या बक्षिसावर, पाणी सोडावे लागते. तुमच्याच वसतिगृहात तुमच्याच मजल्यावर राहिलेला आणखी एक जण याच इमारतीत दोन मजले वर बसतो, हे क्षणभरही विसरू नये. म्हणून सीव्ही हाती येताच, आणि हाती नसल्यास त्याच्या लिंक्डइनवरून उतरवून घेऊन, आधी चढवावा. मित्राला नोकरी बदलायची आहे का, हे नंतर सवडीने विचारता येते.

शिफारस कोणाची करावी, याबाबत निष्कारण सूक्ष्मात शिरू नये. जिवलग मित्राची तर सहसा करूच नये, कारण तो तुम्हाला तुमच्या कंपनीबद्दल खरे बोलायला लावतो. त्यापेक्षा सात-आठ वर्षे ज्याचा आवाजही ऐकलेला नाही आणि जो एके दिवशी रात्री पावणेअकराला 'भावा, कसा आहेस? तुमच्याकडे काही ओपनिंग आहे का?' असे एका दमात विचारतो, तो उमेदवार उत्तम. त्याला नाव ठेवण्याचे कारण नाही, कारण त्याच्या बाजूने समाजशास्त्र उभे आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या न्यूटन या गावी ओळखीतून नोकरी मिळवलेल्या माणसांना विचारले, की ज्याच्यामुळे नोकरी मिळाली तो तुम्हाला तेव्हा कितपत भेटत असे. वरचेवर भेटत असे, असे सांगणारे जेमतेम १७ टक्क्यांच्या आसपास निघाले. बाकीच्यांना तो अधूनमधून भेटे किंवा क्वचितच. जवळची माणसे आपल्याला ठाऊक असलेलेच सांगतात आणि नवी बातमी दूरच्या ओळखीतून येते, असा त्याचा १९७३ साली प्रसिद्ध झालेला सिद्धांत आहे. दूरचा ओळखीचा बातमी आणतो एवढेच त्यात म्हटले आहे. त्याने उमेदवाराच्या कर्तबगारीची हमीही द्यावी, असे त्यात कोठेही नाही. ती भर आपली, खास देशी.

ही हमी रेफरलच्या फॉर्ममध्ये द्यायची असते. उमेदवाराला तुम्ही किती वर्षांपासून ओळखता, कोणत्या नात्याने ओळखता, त्याच्यासोबत काम केले आहे का आणि त्याची शिफारस का करता, असे चार रकाने साधारणपणे असतात. चौथ्या रकान्यापाशी अनुभवी माणसेही अडखळतात, कारण तेथे काहीतरी आठवावे लागते. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षी प्रकल्पासाठी चौघांचा गट असतो. त्यात एक जण प्रोग्राम लिहितो, एक जण स्लाइड बनवतो, एक जण सरांना सांभाळतो आणि चौथा अहवालाच्या चार प्रती अप्पा बळवंत चौकात नेऊन काळ्या रेक्झिनमध्ये बांधून आणतो, वर सोनेरी अक्षरांत महाविद्यालयाचे नाव छापून. तुमचा मित्र हा चौथा होता. तो पावसात गेला होता, पिशवीत घालून त्याने प्रती कोरड्या आणल्या होत्या आणि एका प्रतीवर वर्ष चुकीचे छापले गेले म्हणून दुकानदाराशी भांडून वीस रुपये कमी करून घेतले होते. आता फॉर्ममध्ये लिहावे: 'प्रकल्पाची अंतिम डिलिव्हरी वेळेत पूर्ण केली, गुणवत्तेत तडजोड केली नाही आणि व्हेंडरशी यशस्वी वाटाघाटी केल्या.' यात एक अक्षर खोटे नाही. उत्तम शिफारसपत्र असेच, कोणत्याही न्यायालयात टिकणारे असावे.

सीव्हीची डागडुजी मात्र मित्रावर सोपवू नये. त्याने सहा महिने घरी बसून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केला असेल, तर त्या काळाला 'फ्रीलान्स कन्सल्टिंग' म्हणावे. दोन वर्षांचा अनुभव कमी पडत असेल, तर ऑफर लेटर, पगाराच्या स्लिपा आणि रिलिव्हिंग लेटर असा संपूर्ण संच पैसे घेऊन पुरवणारे सद्गृहस्थ या शहरात आहेत, हे तुम्हाला माहीत आहे आणि एचआरलाही माहीत आहे. यातली एकच अडचण अशी, की भविष्यनिर्वाह निधीच्या बारा अंकी यूएएन क्रमांकाखाली कोणत्या मालकाने कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत वर्गणी भरली, हे सगळे एका पानावर दिसते, आणि पार्श्वभूमी तपासणारी एजन्सी ते पान उघडून पाहते. पण ही तपासणी पुष्कळदा माणूस रुजू झाल्यावरच पूर्ण होते. तोवर तुम्ही त्याला फक्त शाळेपासून ओळखत असता. मधल्या दोन वर्षांत तो कोठे होता, हे तुम्हाला कसे ठाऊक असणार?

आता कंपनीबद्दल मित्राला काय सांगावे? पगाराचा आकडा सांगावा, तोही सीटीसीचा, म्हणजे कंपनीला त्याच्यावर वर्षभरात येणाऱ्या एकूण खर्चाचा. त्यातला काही हिस्सा 'व्हेरिएबल' म्हणून मोजला जातो आणि तो किती मिळेल हे वर्षअखेरीस ठरते, ग्रॅच्युइटीही त्याच आकड्यात धरलेली असते, असल्या तपशिलांनी त्याचा उत्साह मारू नये. ज्या टीममध्ये ही जागा निघाली आहे त्या टीममधून वर्षभरात तिघे जण का गेले, हे त्याने विचारलेच तर 'ग्रोथसाठी' असे सांगावे. अमेरिकेतल्या क्लायंटबरोबर रात्री साडेनऊला रोज कॉल असतो, यास 'जागतिक एक्स्पोजर' हा शब्द रूढ आहे. सुट्टी नाकारण्याबद्दल ख्यातनाम असलेल्या मॅनेजरचे वर्णन 'शिस्तप्रिय' असे करावे. जी नोकरी सोडण्यासाठी तुम्ही स्वतः दर रविवारी दुपारी नोकरीच्या संकेतस्थळावर आपले प्रोफाइल अद्ययावत करता, तिच्यातच जिवाभावाच्या माणसाला ओढणे हा विरोधाभास आहे असे काहींना वाटते. त्यांना रेफरल बोनसची रक्कम सांगितल्यास ते गप्प बसतात.

या बाबतीत आपण पूर्वजांपेक्षा किती पुढे आलो आहोत, हे पाहून अभिमान वाटायला हवा. मुंबईच्या कापडगिरण्यांत माणसे भरण्याचे काम जॉबर करीत असे. तो रत्नागिरी-साताऱ्याकडची, आपल्या गावची, आपल्या नात्याजातीची माणसे आणून यंत्रावर उभी करी आणि त्याबद्दल त्यांच्याकडून दस्तुरी, म्हणजे दलाली, घेई. बायकांच्या खात्यात हेच काम नायकीण करी. ही पद्धत भ्रष्ट आहे, माणसे भरण्याचे काम जॉबरच्या हातून काढून घ्या, असे कामगारविषयक शाही आयोगाने १९३१ च्या अहवालात बजावले, आणि १९३५ मध्ये गिरणीमालकांच्या संघाने बदली कामगारांची, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी घेतल्या जाणाऱ्यांची, नोंदणी सुरू करून जॉबरचे हात बांधण्याचा प्रयत्न केला. जॉबर दस्तुरी खाई, दादागिरी करी, हे सर्व खरेच. पण त्या बिचाऱ्याच्या गळ्यात एक लोढणे होते. ज्याला त्याने आणले, त्याच्याकडून दुसऱ्या दिवसापासून काम करून घेण्याची जबाबदारीही त्याचीच असे. आणलेला माणूस नालायक निघाला की उत्पादन घसरे आणि साहेब जॉबरलाच फैलावर घेई. आपण ही मागास अट काढून टाकली आहे. दस्तुरी आता मित्राकडून घ्यावी लागत नाही, ती कंपनी स्वतःहून पगारात जमा करते आणि त्यावर रीतसर आयकरही कापते. माणूस चालला नाही तर प्रश्न त्याच्या मॅनेजरचा.

मुलाखतीच्या टप्प्यावर थोडे धावावे लागते. पॅनेलवर कोण आहे हे पाहून त्याला कॅन्टीनमध्ये गाठावे, चहाचे पैसे आपण द्यावेत, आणि शिफारस असा शब्दही न उच्चारता 'आपलाच मुलगा आहे, जरा बघ' एवढेच म्हणावे. 'जरा बघ' या दोन शब्दांत न मावणारे असे काहीही या देशात नाही. गेल्या आठवड्यात कोणते प्रश्न विचारले गेले, हे मित्राला सांगणे गैर आहे; म्हणून ते सांगू नयेत, फक्त 'हे हे वाचून जा' असे म्हणावे. त्याच जागेसाठी परभणीच्या एका मुलीने कंपनीच्या संकेतस्थळावरून अर्ज केलेला असतो. तिला तुमच्या मित्रापेक्षा दुप्पट येते, पण या इमारतीतल्या कोणाच्या वसतिगृहात ती राहिलेली नाही, आणि रेफरलचे सीव्ही आधी पाहून संपल्यावरच तिच्या ढिगाची पाळी येते. जागा त्याआधी भरलेली असते. सहा महिन्यांनी एखाद्या मीटिंगमध्ये बाजारात चांगली माणसे मिळत नाहीत अशी खंत वरिष्ठ व्यक्त करतील, तेव्हा तुम्ही मान हलवावी. सरकारी नोकरीसाठी संविधानाच्या सोळाव्या अनुच्छेदाने संधीची समानता सांगितली आहे. खासगी कंपनीला ते लागू नाही, ही आपली केवढी सोय आहे.

निवड झाली की बातमी घरी पोहोचते आणि प्रकरण दोन कुटुंबांचे होते. मित्राची आई तुमच्या आईला फोन करते आणि 'तुमच्या मुलामुळे आमच्या मुलाचं भलं झालं हो' असे म्हणते. त्यावर तुमच्या आईने 'अहो, त्यात काय, आपलाच आहे तो' असे म्हणावे, हे तिला आधीच सांगून ठेवावे लागत नाही. काकूंचे पेढे येतात. या पेढ्यांचे एक वैशिष्ट्य आहे: ते ऑफर लेटर आल्यावर वाटले जातात, रुजू झाल्यावर नव्हे, आणि या दोन घटनांमध्ये नव्वद दिवसांचा नोटीस पीरिअड असतो. त्या नव्वद दिवसांत तुमचा मित्र तुमच्या कंपनीचे ऑफर लेटर दुसऱ्या कंपनीला दाखवून तिच्याकडून वीस टक्के जास्त घेतो, तिचे पत्र तिसरीला दाखवतो आणि रुजू होण्याच्या आदल्या संध्याकाळी फोन उचलणे बंद करतो. अशा वेळी एचआर तुम्हाला बोलावते. तेथे तोंड पाडून बसू नये. 'मी फक्त सीव्ही फॉरवर्ड केला होता' हे वाक्य याच प्रसंगासाठी राखून ठेवलेले आहे. तुम्ही फॉर्मच्या चौथ्या रकान्यात काय लिहिले होते, ते पुन्हा उघडून वाचण्याइतका वेळ एचआरमध्ये कोणालाही नसतो. पेढे परत करण्याची पद्धत नाही.

समजा, तो खरोखरच रुजू झाला आणि कामातही बरा निघाला. मग ते श्रेय आयुष्यभर तुमचे. त्याला बढती मिळाली की 'आणलं कोणी?' असे चारचौघांत विचारावे. त्याने फ्लॅट घेतला की वास्तुशांतीला हाच प्रश्न त्याच्या सासऱ्यांसमोर विचारावा. डबा खाताना त्याच्या चुकांवर हक्काने बोलावे. तो तुमच्याआधी टीम लीड झाला, तर 'मी जास्तच चांगला माणूस आणला' असे हसत म्हणावे आणि त्या आठवड्यापासून वेगळ्या बसने जावे.

याउलट, दहाव्या आठवड्यात तो तुम्हाला पार्किंगमध्ये गाठून 'अरे, माझ्याच्यानं हे होत नाही, मी सोडतो' असे म्हणाला, तर येथे तुमची खरी कसोटी लागते. बहुतेक ठिकाणी रेफरल बोनस किंवा त्याचा मोठा हिस्सा उमेदवाराने तीन महिने पूर्ण केल्यावर पुढच्या पगारात मिळतो. तेव्हा त्याच्या खांद्यावर हात ठेवून, नवीन जागी प्रत्येकालाच जड जाते, माणसाने संयम ठेवावा, घाईत घेतलेल्या निर्णयाचा पश्चात्ताप होतो, काकूंना काय वाटेल, हे सर्व मनापासून सांगावे. आवश्यक वाटल्यास त्याला मिसळ खाऊ घालावी. रक्कम खात्यात जमा झाल्यावर त्याने पुन्हा विषय काढला, तर मात्र मनाविरुद्ध काम करण्यात अर्थ नाही, तब्येत आधी, असे तितक्याच मनापासून सांगावे. राजीनाम्याच्या पत्राचा नमुना तुमच्या लॅपटॉपवर रविवारच्या उद्योगातून तयार असतोच, तो त्याला द्यावा. फक्त ते पत्र त्याने उतावीळपणे रक्कम जमा होण्याच्या आत पाठवू नये, यावर लक्ष ठेवावे, कारण उमेदवार नोटीस पीरिअडमध्ये असल्यास बोनस देय राहणार नाही, अशी ओळ धोरणाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत असते. संपूर्ण धोरणातले तेवढे एक पान तुम्ही नीट वाचून ठेवावे.