गॉसिप करा, पण शुद्ध इंग्रजीत

मराठीत कुचाळक्या केल्या की चारचौघांत नाव खराब होतं. तेच काम इंग्रजी शब्दाआडून केलं की माणूस एकदम 'आतल्या गोटातला' ठरतो. तेव्हा तोंड आवरण्याचा नाद सोडा, शब्द तेवढा नीट निवडा.

गॉसिपला ओळखीचा एक माणूस लागतो आणि तो तिथे हजर नसावा लागतो. बाकी अट नाही. गोष्ट खरी असली तरी चालते. किंबहुना खरी असली तर जास्तच रंगते. शिवाय शब्दाचं कुळ सोवळं आहे. जुन्या इंग्रजीत 'गॉडसिब' म्हणजे बाप्तिस्म्याच्या नात्यानं जोडलेला आप्त. पुढे बाळंतिणीभोवती जमणाऱ्या मैत्रिणींनाही गॉसिप म्हणू लागले आणि मग नातं मागे पडून गप्पा तेवढ्या उरल्या. कुणी हटकलंच, तर 'धार्मिक संबंध जपतोय' म्हणून सांगा.

रूमरची तऱ्हा वेगळी. त्याला माणूस असला-नसला तरी चालतं. हवी ती धास्ती आणि माहितीचा दुष्काळ. ऑलपोर्ट आणि पोस्टमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९४७ साली सूत्रच मांडलं: विषय जितका महत्त्वाचा आणि माहिती जितकी धूसर, तितकी अफवा जोरात. यात बेरीज नाही, गुणाकार आहे. दोन्हींपैकी एक शून्यावर आलं की सगळं मुसळ केरात. म्हणून खात्री करण्याच्या भानगडीत पडू नका. एका फोनवर उलगडा होणार असेल तर तो फोन कटाक्षानं टाळा.

समजा, साहेब दोन दिवस दिसले नाहीत. 'साहेबांचं घरी काहीतरी बिनसलंय' हे गॉसिप. 'कंपनी विकायला काढलीय' हा रूमर. नवखे दोन्ही एकाच सुरात सांगतात आणि हसं करून घेतात. गॉसिपसाठी खुर्ची पुढे ओढायची, दाराकडे एक नजर टाकायची आणि 'तुझ्यापुरतंच ठेव हं' म्हणायचं. आधी सात जणांना म्हटलं असलं तरी आठव्याला तितक्याच गांभीर्यानं. रूमर मात्र उभ्या उभ्या, लिफ्टचं दार मिटता मिटता, कपाळाला आठी घालून सोडायचा: 'काही कानावर आलं का?' प्रश्नचिन्ह विसरू नका. विचारणाऱ्याला कोण दोष देणार? पुढे साहेबांची अक्कलदाढ काढली होती एवढंच निघालं, तर सुटकेचा निःश्वास सर्वांत मोठ्यानं तुम्हीच टाका.

हे दोन्ही शब्द जुने वाटत असतील तर स्कटलबट वापरा. मुळात हे जहाजावरचं पिण्याच्या पाण्याचं पिंप. खलाशी तिथे तहान भागवायला यायचे आणि बातमी घेऊन जायचे. ऑस्ट्रेलियात बिनबुडाच्या बातमीला फर्फी म्हणतात, तीही पाण्यावरच पोसलेली. पहिल्या महायुद्धात छावण्यांना पाणी पुरवणाऱ्या गाड्यांवर बनवणाऱ्याचं हे आडनाव ठळक अक्षरांत असे, आणि गाडीवान पाण्यासोबत खबरीही वाटत फिरत. बिचाऱ्यानं चांगल्या मजबूत टाक्या बनवल्या, पण शब्दकोशात गेला तो थापांच्या खात्यावर. यालाच म्हणतात कर्णोपकर्णी कीर्ती.

आता थोडं कायद्याचं, कारण मुरलेला माणूस तेही सांभाळून असतो. इंग्लंडच्या कायद्यात तोंडी बदनामी ती स्लँडर आणि लेखी ती लायबल. बोललेलं हवेत विरतं, लिहिलेलं पुरावा होऊन बसतं. म्हणून शक्यतो फोनच करा. टाइप केल्यावाचून राहवतच नसेल, तर खाली 'आलं तसं पुढे पाठवलं' अशी ओळ जोडा. कायद्याला तिचं सोयरसुतक नसतं, पण झोप छान लागते.