सहकुटुंब रत्नागिरीस येणाऱ्या साहेबांस

बदलीच्या पत्रात रत्नागिरी वाचल्याबरोबर तुम्ही काय करणार, ते आम्हाला इथे बसून दिसतं. पुण्यातल्या सगळ्या ग्रुपांवर समुद्राचा फोटो टाकणार आणि खाली लिहिणार, ‘आता रोज हेच.’ खुशाल टाका. फोटो गणपतीपुळ्याचा आणि ऑफिस कुवारबावला, पण मधलं अंतर पुण्यात कुणाला ठाऊक असतंय!

मग पत्र पुन्हा वाचा. त्यात नाव फक्त तुमचं आहे. वहिनींचं नाही, चौथीतल्या मुलीचं नाही, दोन वर्षांच्या चिरंजीवांचं तर नाहीच. तरी घरी सांगताना ‘मला जावं लागतंय’ म्हणू नका, ‘आपण जातोय’ म्हणा. वहिनींची नोकरी असेल तर ‘तिकडेही काहीतरी मिळेलच’ हे वाक्य पाठ करून ठेवा आणि म्हणताना मोबाइलमध्ये बघा. ते ‘काहीतरी’ शोधायचं त्यांनी. तुम्हाला चार्ज घ्यायचा असतो, आणि चार्ज घेण्यात माणूस फार थकतो.

दबून जाऊ नका. तुमच्या आधीही एक मोठे साहेब असेच सहकुटुंब इथे आले होते. ब्रह्मदेशचा राजा थिबा. इंग्रजांनी १८८५ मध्ये मंडालेहून उचलला, आधी मद्रासला ठेवला आणि १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून सोडला. हुकूम राजाच्या नावाचा. पण दोन लहान मुली घेऊन पोटुशी राणी सुपयालतही निघाली. तिसरी मुलगी मद्रासला झाली, चौथी रत्नागिरीत. बाळंतपणं कुणी काढली, मुलींना भाषा कुणी शिकवली, याची चौकशी आम्ही करत नाही. आम्ही त्या वाड्याला ‘थिबा पॅलेस’ म्हणतो आणि पाहुण्यांना दाखवायला नेतो. तो वाडा राहण्याजोगा झाला १९१० मध्ये. चोवीस वर्षं सरकारी क्वार्टरची वाट बघितली राजाने. तेव्हा बिल्डर ‘दिवाळीला ताबा देतो’ म्हणाला तर कुठली दिवाळी ते विचारू नका. राजा १९१६ मध्ये इथेच वारला. विनंती बदली काही मंजूर झाली नाही.

येण्याचा मुहूर्त मात्र तुम्हाला शोधावा लागत नाही. सरकारी बदल्या एप्रिल-मेमध्ये कराव्यात असं कायद्यातच आहे, शाळा जूनच्या मध्याला उघडतात, म्हणजे तुमच्या सामानाचा ट्रक आंबा घाट उतरतो तो पावसाला बरोबर घेऊनच. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात उरकतो. हप्त्यावर घेतलेलं ते दाबलेल्या भुशाच्या फळ्यांचं कपाट आठवणीने आणा. जुलैत त्याचं दार लागेनासं होईल, ऑगस्टात उघडेनासं. बूट, कमरेचा पट्टा आणि वहिनींची चांगली पर्स यांच्यावर हिरवी लव चढेल; मुलीला बुरशीचा धडा शाळेत पुन्हा शिकवायची गरज राहणार नाही. कपडे वाळवायला घरभर दोऱ्या, दोऱ्यांखाली पंखा, आणि पंखा फिरतो न फिरतो तोच वीज गायब. वहिनींनी पुण्याच्या कंपनीला गळ घालून घरून काम करायची परवानगी मिळवली असेल, तर विजेपाठोपाठ मोबाइलचा टॉवरही जातो, हे त्यांना तिकडच्या मॅनेजरला पटवता आलं पाहिजे. तुम्ही मध्ये पडू नका. सकाळी कोरडा शर्ट हाती आला की घालून निघायचं. तो कोरडा कसा झाला हा घरचा विषय आहे.

मासे राहिले. पापलेट, सुरमई, रोज ताजं, असं सगळ्यांना सांगून आलात ना? १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. मिरकरवाड्याच्या बंदरात बोटी शाकारून ठेवलेल्या असतात. सुकट घ्या, बोंबील घ्या. पहिल्या पावसात ओढ्यानदीतून वर चढणारे चढणीचे मासे मिळतात, पण त्याला ओळख लागते आणि ओळखीला दोनेक पावसाळे लागतात.

घर समुद्रासमोरच घ्या. आमच्या वाडवडिलांनी मागे सरून, माडांच्या आडोशाला, उतरत्या कौलांची घरं बांधली ती त्यांना सौंदर्यदृष्टी नव्हती म्हणून. तुम्हाला आहे. खारा वारा थेट हॉलमध्ये येऊ द्या. ग्रिल, गिझर, गाडीचा पत्रा आणि एसीचा बाहेरचा डबा यांना काय होतं ते वर्षभरात कळेल आणि ते दुरुस्त करायला माणूस कुठे मिळतो तेही. तो मुंबईला असतो. इथला प्लंबर, वायरमन, नर्स, शिकलेला मुलगा, हापूसची पहिली फळं, सगळं तिकडे जातं. उलट दिशेने येणारं कुटुंब दिसलं की गावाला साहजिकच कुतूहल वाटतं. पहिल्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या दुकानात नाव विचारणार नाहीत, विचारतील, ‘काय साहेब, शिक्षा की विनंती?’ विनंती म्हणालात तर जास्त संशय येतो.

जिन्याखाली चपला असतील तर झटकून घाला. फुरसं नावाचा साप हातभरसुद्धा नसतो आणि विषारी असतो. मुलांना हे एकदा समजावून सांगा, म्हणजे वहिनींनी सांगावं. रात्री धाकट्याला ताप चढला तर आधी शेजारच्या काकूंचं दार वाजवा. कुठला डॉक्टर रात्री उठतो आणि कुठला नुसता पाटीवर आहे, हे गूगलला माहीत नसतं. त्याहून मोठं काही निघालं तर ‘कोल्हापूरला न्या’ किंवा ‘मुंबईला न्या’ यापैकी एक सांगतील. पावसात, रात्री, धुक्यात घाट चढताना गाडी हळू चालवावी. दुसऱ्या दिवशी तुमची महत्त्वाची मीटिंग असतेच.

गणपतीत अख्खी मुंबई इकडे येते. तेव्हा आपण पुण्याला जाऊ म्हणाल, तर ऑफिसातल्या सगळ्यांच्या रजा आधीच लागलेल्या असतात. प्रत्येकाच्या घरी गणपती, प्रत्येकाच्या वाडीत भजन, शिपाई मृदंगाला. तुमचा गणपती घाटावर, तो इथे धरत नाहीत. मग त्या दिवसांत कचेरी उघडून बसायचं तुम्ही. शिमग्याला पालखी नाचते तेव्हाही तुम्हीच. कामवाल्या मावशी दोन्ही वेळा पंधरा-पंधरा दिवस गावी जातात आणि जाताना वहिनींना सांगतात, ‘तुमचं काय वो, तुम्ही घरीच असता.’ इंजिनिअरिंग करून सात वर्षं नोकरी केलेल्या बाईला हे ऐकवायला धाडस लागतं. त्यापुढे भांडी कोण घासतं, हे इथे लिहीत नाही. तुम्ही अंगणात उभे राहून समुद्राचा आवाज ऐकता ना, तेवढ्यात ती होतात.

एप्रिल-मेमध्ये तुम्हाला आपण किती लोकप्रिय आहोत हे कळेल. पुण्यात दहा वर्षांत ज्यांनी जिना चढला नाही ते चुलते, मामेसासरे, जुने शेजारी ‘मुलांना समुद्र दाखवायला’ येतील. जाताना डिकीत पेट्या मागतील, आणि अस्सल रत्नागिरीच असल्याची खात्री तुमच्याकडून करून घेतील. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, पण नातेवाइकांचं समाधान तुमच्या शब्दावर. स्वयंपाक किती जणांचा होतो, हे तुम्ही पंगतीत बसल्यावर मोजू शकता.

इतकं सगळं होता होता तिसरं वर्ष लागतं. मुलगी शाळेत नाटकात काम करते, धाकटा शेजारणीला ‘गो काकी’ म्हणून हाक मारतो, वहिनींनी मारुती मंदिरापाशी शिकवणी सुरू केलेली असते आणि तिला तीस मुलं असतात. नेमकं तेव्हाच तुमचं मन पुण्याकडे ओढ घेतं, तीन वर्षांची मुदत भरत आली म्हणून. अर्ज करण्याआधी घरी विचारायची पद्धत नाही, ती तुम्ही मोडू नका. एवढं फक्त ध्यानात असू द्या, की थिबाच्या घरच्यांना पुढे परत जाऊ दिलं तेव्हा थोरली राजकन्या ब्रह्मदेशला गेली खरी, पण फिरून रत्नागिरीला आली. तिचं माणूस इथलं होतं. वहिनींनाही ‘तुम्ही व्हा पुढे’ म्हणायला आता फार वेळ लागणार नाही.

अर्जाबरोबर वरच्या साहेबांकडे पाच डझनांची पेटी जायचीच असेल तर ती एप्रिलात पोचवा. मे संपता संपता आंबाही उतरतो आणि याद्याही लागलेल्या असतात.