मातीचे घर आणि स्लॅबचा आग्रह

शहापूर-मुरबाडच्या गावांशी नाते असलेल्या ठाणे-कल्याणच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे: ‘आपल्या पावसात मातीची भिंत टिकत नाही, तिची डागडुजी दर वर्षी मागे लागते आणि घरकुलाला तर स्लॅबच लागतो, म्हणून एकदाच आरसीसी बांधा आणि ५० वर्षे निश्चिंत राहा.’

मातीची भिंत ढासळते ती तळातून ओल चढल्याने आणि वरून झड बसल्याने. दगडी जोते, भिंतीपुढे दोन-अडीच फूट आलेले कौलारू छप्पर आणि पश्चिमेच्या अंगाला पावसाळ्यापुरत्या आडोशाला बांधलेल्या ताट्या एवढे सांभाळले, तर कुडाची, म्हणजे कारवीच्या काठ्यांवर माती लिंपून केलेली भिंतही पिढीभर उभी राहते. याउलट ठाण्यातल्या कितीतरी इमारतींच्या गच्चीवर गळती थांबवण्यासाठी आज उतरते पत्रे चढवलेले दिसतात.

‘निश्चिंत राहा’ हा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. स्लॅब साधारणपणे पावसाळ्याआधी, एप्रिल-मेमध्ये ओतला जातो. साध्या सिमेंटच्या काँक्रीटवर किमान ७ दिवस पाणी राखावे, असे भारतीय मानक ४५६ सांगते. भातसा, तानसा, वैतरणेचे पाणी मुंबईला देणाऱ्या शहापूर तालुक्यात नेमके त्याच दिवसांत पाडे टँकरची वाट पाहत असतात. पिण्याच्या हंड्यातले पाणी कोण स्लॅबवर ओतणार? अशा कोरड्या राहिलेल्या काँक्रीटमध्ये बारीक भेगा पडतात, ओल सळईपर्यंत पोहोचते, गंज फुगतो आणि खालचा थर पोपडे धरून सुटतो. सारवण घरच्या हातांनी होते. गंजलेल्या सळईसाठी मात्र शहरातून माणूस आणावा लागतो आणि त्याचा खर्च घरकुलाच्या अनुदानात धरलेला नसतो.

डागडुजीचा आक्षेप अर्धा खरा आहे. कुडाला वाळवी लागते आणि जंगलातून हवी तेवढी कारवी आता मिळत नाही, हे मान्य करायलाच हवे. त्यावर थोडे सिमेंट मिसळून यंत्रात दाबलेल्या, न भाजलेल्या मातीच्या विटांचा मार्ग आहे. त्यांच्यासाठीही भारतीय मानक आहे.

राहिला योजनेचा प्रश्न. प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणच्या मार्गदर्शक सूचना किमान २५ चौरस मीटरचे, वाजवी देखभालीत निदान ३० वर्षे टिकणारे घर मागतात आणि स्थानिक साहित्याला वाव देतात. छप्पर सपाटच हवे, अशी अट त्यांत नाही. म्हणून हप्ता उचलण्यापूर्वी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) उतरत्या छपराचा नमुना आराखडा आवर्जून मागावा.