कोला ओतून आणि ट्रॅक्टरने ओढून पिस्टन सुटत नाही

पूर ओसरला की सांगलीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला हमखास फिरतो: ‘जुन्या गाडीचं इंजिन जाम झालंय? स्पार्क प्लगच्या भोकातून कोला ओता, रात्रभर ठेवा, सकाळी टॉप गिअर टाकून ट्रॅक्टरने ओढा. हेड खोलायची गरज नाही.’ (हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण.)

आधी कोला. त्यातलं फॉस्फोरिक ॲसिड गंज खातं, हे खरं. पण कोला म्हणजे मुख्यतः पाणी आणि साखर. पाण्यानेच गंजलेल्या बोअरमध्ये, म्हणजे पिस्टन वर-खाली होतो त्या नळीत, आणखी पाणी कशाला? पिस्टन ॲल्युमिनियमचा, ॲसिड त्यालाही चाटतं. आणि साखर वाळल्यावर काय होतं, हे ऊसवाल्यांना काकवीची भांडी घासताना कळलेलंच आहे. त्याऐवजी ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि ॲसिटोन निम्मंनिम्मं घ्या. दोन्ही वेगळी होतात, म्हणून दरवेळी बाटली हलवून प्रत्येक सिलिंडरमध्ये ५० मिली ओता. ॲसिटोन पटकन पेटतं, तेव्हा बॅटरी काढून ठेवा.

‘रात्रभर’ पुरत नाही. पिस्टनभोवतीच्या रिंग आणि बोअर यांच्यात गंज गच्च बसलेला असतो, तेल झिरपायला किमान चार दिवस, कधी दोन आठवडे लागतात. पातळी उतरली की पुन्हा भरायचं.

सगळ्यात घातक तो ट्रॅक्टर. त्याचा हिसका चाकांतून थेट क्रँकवर, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्यावर येतो. क्लच घसरला तर नशीब, नाहीतर पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा रिंगांमधली पिस्टनची कड तुटते. पद्मिनी-ॲम्बेसिडरमध्ये गंजून अडकलेला वाल्व त्याला ढकलणारा पुशरॉडही वाकवतो. म्हणून प्लग आणि रॉकर शाफ्ट (वाल्व दाबणाऱ्या रॉकरचा दांडा) काढा, क्रँक पुलीच्या नटाला पाना लावा, दोन फुटी दांड्याने आळीपाळीने दोन्हीकडे दाबा. सुतभर हलला की तिथेच जोर वाढवू नका, उलटा फिरवा. स्टार्टर मारून बघायचा मोह नको, त्याची कॉइल जळते.

हेडबाबत तर सल्ला साफ उलटा आहे. पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल तर हेड खोलावंच लागतं. पिस्टनच्या वर बोअरला गंजाचं कडं धरलेलं असतं. ते तेल लावून पॉलिश पेपरने उतरवल्याशिवाय पिस्टन वर ढकलला तर रिंग त्यातच अडकते. मग बोअरपेक्षा किंचित लहान, कठीण लाकडाचा ठोकळा पिस्टनवर ठेवून हलके ठोके द्या. मात्र पिस्टन अगदी वर किंवा अगदी खाली असेल तर ठोकून उपयोग नाही. रॉड आणि क्रँक एका रेषेत येतात, फिरायला वाव उरत नाही आणि मार बेअरिंगवर बसतो. चार सिलिंडरमध्ये १ आणि ४ वर असताना २ आणि ३ खाली असतात, म्हणजे तेव्हा चारही ठिकाणी ठोकणं वाया. अशा वेळी पाना आणि धीर, एवढंच.

मुळात पिस्टनच जाम आहे ना, हे आधी बघा. फॅन बेल्ट आणि स्टार्टर काढल्यावर इंजिन फिरलं, तर दोष तिथलाच. आणि गाडी पुरात नाही, तर घाटात तापून बंद पडली असेल, तर पिस्टनचं ॲल्युमिनियम वितळून लायनरला, म्हणजे बोअरच्या भिंतीला, फासलं गेलेलं असतं. त्याला कुठलंच तेल लागू पडत नाही, पिस्टन उतरवावाच लागतो.

सुटल्यावर लगेच चालू करू नका. ओतलेलं मिश्रण झिरपून खालच्या ऑइल चेंबरमध्ये उतरलेलं असतं. ते आणि जुनं ऑइल काढा, फिल्टर बदला, नवं ऑइल भरा. प्लग न लावता हाताने दहा-बारा फेरे फिरवा, मग कॉम्प्रेशन मोजा.