मॅकार्थींच्या पापाचे माप कोणाच्या पदरात?

अमेरिकेतील कम्युनिस्टविरोधाचा विषय निघाला की पहिले नाव सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांचे येते आणि बहुतेक वेळा चर्चा तिथेच संपते. ९ फेब्रुवारी १९५० रोजी वेस्ट व्हर्जिनियातील व्हीलिंगच्या सभेत त्यांनी परराष्ट्र खात्यातील कम्युनिस्टांची यादी आपल्याजवळ असल्याचे सांगितले. आकडा पुढे बदलत गेला, आरोप सिद्ध झाले नाहीत, पण कित्येकांचे आयुष्य नासले. तरीही त्यांच्या पापाचे माप सगळ्याच कम्युनिस्टविरोधकांच्या पदरात घालणे मला अन्यायाचे वाटते.

हेरगिरी हा काही मनाचा खेळ नव्हता. आर्लिंग्टन हॉल या एके काळच्या मुलींच्या शाळेत बसून अमेरिकी लष्कराचे गुप्तलिपीतज्ज्ञ मेरेडिथ गार्डनर यांनी डिसेंबर १९४६ मध्ये सोव्हिएत गुप्तलिपीतील एक तार उलगडली, तेव्हा तीतून अणुबाँबवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांची नावे बाहेर पडली. अशा तारा उलगडण्याच्या ‘व्हेनोना’ या गुप्त अमेरिकी मोहिमेचे कागद जगापुढे आले ते थेट १९९५ मध्ये. अमेरिकी अभियंते ज्युलियस रोझेनबर्ग सोव्हिएतांसाठी हेरगिरी करत होते, हे त्यांवरून स्पष्ट होते. मात्र याच कागदांत नोव्हेंबर १९४४ ची एक तार आहे: पत्नी एथेल यांना पतीचे काम ठाऊक आहे, परंतु प्रकृती नाजूक असल्यामुळे त्या स्वतः काम करत नाहीत. १९ जून १९५३ रोजी पतीबरोबर एथेल यांनाही विजेच्या खुर्चीत मृत्युदंड देण्यात आला. ही तार वाचल्यावर मला तरी त्या शिक्षेचे समर्थन करता येत नाही.

या सगळ्यात ज्यांची आठवण कोणी काढत नाही, ते कामगार चळवळीतले कम्युनिस्टविरोधक. कृष्णवर्णीय कामगारनेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी १९४० मध्येच कम्युनिस्टांच्या वर्चस्वाला कंटाळून नॅशनल निग्रो काँग्रेस या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीच्या संघटनेचे अध्यक्षपद सोडले. वॉल्टर रॉयथर यांनी मोटार कामगारांच्या संघटनेत कम्युनिस्टांशी उघड लढत देऊन नेतृत्व मिळवले. मालकांची तळी उचलणारी ही माणसे नव्हेत. नागरी हक्कांसाठीच्या १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाच्या व्यासपीठावर हे दोघेही होते. कम्युनिस्टांच्या वर्चस्वाचा ठपका ठेवून अकरा कामगार संघटनांना ‘सीआयओ’ या कामगार महासंघातून काढून टाकण्याचा निर्णय मात्र मला आजही खुपतो.

आणि मॅकार्थींना सिनेटमध्ये आधी कोणी अडवले? त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाच्या सिनेटर मार्गारेट चेस स्मिथ यांनी, १ जून १९५० रोजी. त्याही कम्युनिस्टविरोधकच होत्या. सहा सहकारी सोबत होते, बाकीचे गप्प राहिले. सिनेटने मॅकार्थींचा ६७ विरुद्ध २२ मतांनी निषेध केला, तोवर डिसेंबर १९५४ उजाडला होता.