एका वाचक काकांना उत्तर: देवाशी खरं बोलणं म्हणजे अविश्वास का?

सलाम काका,

पगडीच्या, म्हणजे जुन्या भाडेपद्धतीच्या, खोलीवर मी लिहिलेल्या लेखाखाली तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. इतक्या स्पष्टपणे सहसा कुणी लिहीत नाही, म्हणून उत्तरही मोकळेपणानं देते. लांबेल, सांभाळून घ्या.

मूळ लेख ज्यांनी वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. भायखळ्याची आमची चाळ पुनर्विकासाला जाते आहे. भाडेपावती अजून बाबांच्या नावावर आहे आणि बाबा आता नाहीत. खोलीत आई आणि धाकटा भाऊ राहतात, मी लग्नानंतर विरारला. नव्या घरात माझं काही आहे की नाही यावरून आम्हा बहीणभावात बोलणं जवळजवळ थांबलं होतं. त्या काळात मी देवाजवळ शहाणपण मागितलं, आणि मागताना शब्द सजवले नाहीत. 'मला ती जागा हवी आहे. भावाचा मला राग येतो. आणि माझा हक्क खरंच आहे का, हे मला तपासायचंसुद्धा नाहीये,' असं म्हटलं. नंतर वकिलाकडे गेले.

तुमचे आक्षेप असे: ही प्रार्थना नसून तक्रार आहे. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात, 1:6 मध्ये, म्हटल्याप्रमाणे जो संशय धरतो त्याला प्रभूकडून काही मिळत नाही. शलमोन राजानं नम्रपणे शहाणपण मागितलं, तसं मागावं. खरं उत्तर आलं की मनाला शांती मिळते आणि मला ती नव्हती, म्हणजे उत्तर आलंच नव्हतं. वकील गाठणं हा अविश्वास. आणि शेवटी, चर्चच्या तरुण संघातली मुलं असं वाचतात, तेव्हा लेख काढून टाका.

याकोबापासूनच सुरू करते, कारण तुमच्या म्हणण्याचा सगळा भार त्या एका वचनावर आहे. आधीच्याच ओळीत, 1:5 मध्ये, तो सांगतो की ज्याला ज्ञान उणं आहे त्यानं देवाजवळ मागावं, देव दोष न लावता उदारपणे देतो. 'दोष न लावता' यावर आपल्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, फार उपदेश होत नाहीत. जो दोष लावणार नाही त्याच्यासमोर मी माझा लोभ लपवायचा कशासाठी? पुढच्या ओळीतली समुद्राची लाट आणि आठव्या वचनातला द्विबुद्धीचा माणूस तुम्ही प्रश्न विचारणाऱ्याला लावता. याकोब स्वतः तो कुणाला लावतो ते चौथ्या अध्यायात दिसतं. तिथं भांडणं आहेत, हाव आहे, आणि मागूनही मिळत नाही कारण चैनीवर खर्च करायच्या वाईट हेतूनं मागता, असं स्पष्ट लिहिलं आहे. लगेच पुढे, 4:8 मध्ये, द्विबुद्धीच्या लोकांना अंतःकरणं शुद्ध करायला सांगितलं आहे. म्हणजे एक हात देवापुढे आणि दुसरा खोलीच्या चावीवर, असा माणूस त्याच्या डोळ्यांपुढे आहे. मी नेमकी तशीच होते. तोंडानं 'प्रभू, तुझी इच्छा' म्हणत राहिले असते आणि मनात चौरस फूट मोजत राहिले असते, तर याकोबानं मलाच धरलं असतं. ते मोजमाप मोठ्यानं बोलून दाखवणं हा त्या दुटप्पीपणातून बाहेर यायचा मला दिसलेला एकमेव रस्ता होता.

आता तक्रारीबद्दल. काका, तुम्ही इतकी वर्षं शास्त्र वाचता, मग स्तोत्रसंहिता, बायबलमधलं ते प्रार्थनागीतांचं पुस्तक, कशी विसरलात? 150 स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश विलापाची आहेत. तेराव्या स्तोत्राची सुरुवातच 'किती काळ?' अशी आहे. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी गोड ओळ नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. यिर्मया संदेष्टा त्याच्या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात देवाला तोंडावर म्हणतो की तू मला फसवलंस. त्याच अध्यायात तेराव्या वचनात तो देवाची स्तुती करायला सांगतो आणि चौदाव्यात स्वतःच्या जन्मदिवसाला शाप देतो. आपण प्रार्थनासभेत साक्ष देताना क्रम नेहमी उलटा ठेवतो, आधी दुःख आणि मग स्तुती, म्हणजे ऐकणाऱ्यांना बरं वाटतं. यिर्मयाला ती काळजी नव्हती.

आणि ईयोब, दोष नसताना संकटं कोसळलेला माणूस. त्याचे मित्र पानोपानी देवाची बाजू मांडतात, ईयोबाला गप्प बसवू पाहतात. शेवटी, 42:7 मध्ये, देव त्या मित्रांपैकी अलीफजाला सांगतो की माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं यथार्थ बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. देवाची वकिली करणाऱ्यांवर देव रागावतो आणि भांडणाऱ्याला त्यांच्यासाठी प्रार्थना करायला लावतो. ज्याला श्रद्धेतल्या प्रामाणिक बोलण्याची भीती वाटते त्यानं हे वचन एकदा मोठ्यानं वाचावं.

मराठी माणसाला तर हे सगळं परकं वाटायचं कारणच नाही. कवी नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी बाप्तिस्मा घेतला तो आपल्या मुंबईतच, आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. ते तुकोबा विठ्ठलाशी कसे बोलतात? हुज्जत घालतात, हिशेब मागतात, एका अभंगात तर माझ्या लेखी देव मेला असंही म्हणून जातात. पुन्हा त्याच दारात उभे राहतात ते वेगळंच. टिळक त्या पुलावरून आले तेव्हा ही सलगी पलीकडच्या काठावर टाकून आले असतील असं मला नाही वाटत. त्यांची भजनं उपासनेत गाताना आपण ते सगळं गुळगुळीत करून टाकतो, एवढंच.

शलमोनाचं उदाहरण तुम्ही दिलंत ते बरं केलंत. 1 राजे, तिसरा अध्याय. गिबोनात स्वप्नात देव विचारतो, काय देऊ? आणि राजा म्हणतो की मी लहान मूल आहे, कसं वागावं ते मला कळत नाही, तेव्हा न्याय करता येईल असं समंजस मन दे. सिंहासनावर बसलेल्या माणसानं असं म्हणणं ही नम्रता आहे, कबूल. पण ती प्रामाणिकपणातून आलेली आहे, शिष्टाचारातून नाही. आणि मिळालेलं शहाणपण वापरलं कसं गेलं ते पाहा. लगेच दोन बायका एका बाळासाठी भांडत येतात. आकाशातून आवाज येत नाही, खरी आई कोण हे देव परस्पर सांगत नाही. शलमोन तलवार मागवतो, बाळाचे दोन तुकडे करा म्हणतो आणि दोघींच्या तोंडून काय निघतं ते ऐकतो. चौकशीच ती, जरा अघोरी पद्धतीची. बाकी याच शलमोनाचा अकरावा अध्यायही आपण वाचतो, सातशे राण्या आणि तीनशे उपपत्नींचा. मिळालेलं शहाणपण एकदा मिळालं की जन्मभर पुरतं असं त्याच्या गोष्टीवरून तरी दिसत नाही.

इथं एक मुद्दा तुमच्या बाजूनं मीच मांडते. याच गिबोनचे लोक यहोशवाच्या नवव्या अध्यायात फाटके बुधले आणि बुरसटलेल्या भाकरी घेऊन येतात, दूर देशाहून आलो असं सांगतात. इस्राएलचे लोक ती शिदोरी तपासतात, पटते, आणि करार करून बसतात. परमेश्वराला विचारलं नाही, असं तिथं स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे कागद तपासून भागतं असं माझंही म्हणणं नाही. शिदोरी तपासणारेही फसू शकतात. प्रार्थना सोडून थेट वकिलाकडे गेले असते तर तुमचा आक्षेप मी मान खाली घालून ऐकला असता. पण मी प्रार्थना करून गेले होते, आणि विशेष म्हणजे तिथं मला नको असलेलं उत्तर मिळालं. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार भाडेकरू वारल्यावर हक्क प्रथम जातो तो त्या वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे. बाबा गेले तेव्हा मी विरारला होते. 'मला तपासायचं नाहीये' असं मी देवाला का सांगत होते ते त्या टेबलापुढे लख्ख कळलं. वकील काय सांगेल याचा अंदाज मला आधीपासून होता. याकोबाच्या पत्रात कार्पेट एरिया आणि बिल्ट-अप एरिया यांतला फरक दिलेला नाही, तो दुसऱ्या कुणाकडून शिकावा लागतो. पण खरं ऐकायची तयारी मला प्रार्थनेनंच दिली, नाहीतर मी मला हवं ते सांगणारा दुसरा वकील शोधला असता. मुंबईत तोही मिळतो.

पहिल्या मंडळीचं कसं होतं ते प्रेषितांची कृत्ये, पंधराव्या अध्यायात आहे. यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांनी सुंता करावी का, असा एवढा मोठा प्रश्न यरुशलेमेत आला, तर तिथं बराच वादविवाद झाला, पेत्र बोलला, बर्णबा आणि पौलानं अनुभव सांगितले, याकोबानं शास्त्र काढलं. आणि एवढं झाल्यावर पत्रात लिहिलं की पवित्र आत्म्याला व आम्हाला हे योग्य वाटलं. वाद घातला म्हणून आत्मा निघून गेला नाही.

शांतीची कसोटी मात्र मला मुळीच मान्य नाही. योना संदेष्टा देवापासून पळत होता आणि जहाजाच्या तळाशी गाढ झोपला होता. एवढी शांती! अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशू देवाच्या इच्छेच्या अगदी मध्यभागी होता आणि त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता. आता कुणाला उत्तर मिळालं होतं? धोबी तलावाचं झेवियर्स कॉलेज 1869 मध्ये सुरू करणाऱ्या जेझुइट संघाचे संस्थापक, संत इग्नेशियस लोयोला, यांनी या बाबतीत फार बारकाईनं लिहून ठेवलं आहे. (कॅथलिक नाव काढलं की आपल्यातल्या काहींच्या भुवया वर जातात, जाऊ द्या.) मन खचलेलं असताना आधी केलेला निश्चय बदलू नये, असं ते सांगतात, आणि मनाला वाटणारा आनंदही फसवू शकतो, तोही पारखावा, असंही. मला आतून बरं वाटतंय म्हणजे देवानं होकार दिला, हे गणित त्यांनाही चाललं नसतं. 31 डिसेंबरच्या रात्री उपासनेनंतर टोपलीतून वचनाचं कार्ड उचलताना मलाही छान वाटतं. त्यावर खोलीचा निर्णय कुणी घेऊ नये.

तुमच्या प्रतिक्रियेत एक वाक्य होतं, 'प्रभूनं दाखवलं की मग चर्चा संपते.' मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे. चर्चा खरंच संपते, आणि तिथंच घरं मोडतात. एका बैठकीत कुणीतरी म्हणतं, प्रभूनं मला दाखवलंय. आता समोरच्यानं प्रश्न विचारला तर तो त्या माणसाला विचारतो की प्रभूला? बहुतेक वेळा हे वाक्य ज्याच्या फायद्याचा निर्णय आहे तोच बोलतो, हे तुम्हीही पाहिलं असणार. याकोब 3:17 मध्ये वरून येणाऱ्या ज्ञानाची लक्षणं दिली आहेत. त्यात शुद्धता आहे, शांतिप्रियता आहे, सौम्यपणा आहे, आणि दुसऱ्याचं ऐकून घेणारा स्वभावही आहे. ज्याच्याशी बोलताच येत नाही ते ज्ञान त्या यादीत बसत नाही.

एका गोष्टीत तुमचं म्हणणं रास्त आहे. तक्रारीची सवय लागते. आपलं दुःख देवाला सांगता सांगता माणूस फक्त स्वतःचाच आवाज ऐकत बसतो, आणि त्याला प्रामाणिकपणा म्हणतो. लूकच्या अठराव्या अध्यायातल्या दाखल्यात मंदिरात प्रार्थना करणारा परूशी, म्हणजे कडक धर्म पाळणारा माणूस, हाही स्वतःविषयीच बोलत होता. त्याच्याबरोबरच्या पापी समजल्या जाणाऱ्या जकातदाराची प्रार्थना एका ओळीची होती. तरुण संघातल्या मुलांना हे जरूर सांगा, मीही सांगेन.

पुढे काय झालं असं तुम्ही विचारलंत. हक्क भावाचा आणि आईचा आहे, हे मी भावाला फोन करून सांगितलं. बिल्डरला विचारायच्या प्रश्नांची वकिलानं दिलेली यादीही त्याला पाठवली. त्यानं त्यात स्वतःचा एक प्रश्न घातला: चाळ पाडल्यावर बिल्डरनं दरमहाचं भाडं मधेच थांबवलं तर त्यासाठी बँक गॅरंटी आहे का? इतके दिवस प्रार्थना करून मला हे सुचलं नव्हतं, वकिलालाही नाही. बिल्डरचं उत्तर अजून आलेलं नाही, सह्या तोवर थांबल्या आहेत.

लेख काढणार नाही, काका. तुमची प्रतिक्रियाही त्याखाली जशीच्या तशी राहील. याकोबावर अजून लिहायचं असेल तर अवश्य लिहा, फक्त पहिल्या अध्यायाबरोबर चौथाही घ्या.