शर्टावरचा बिल्ला बदलला, गेट तेच

१ तारखेला मी तिसऱ्यांदा "नवीन" लागलो. गेट तेच, एक हात तुटलेली खुर्ची तीच, रजिस्टरसुद्धा अर्धं भरलेलं तेच, फक्त एजन्सी बदलली. सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत एका कंपनीच्या गेटवर जून २०१९ पासनं सिक्युरिटी गार्ड म्हणून उभा आहे. नाव लिहीत नाही, अजून भाकरी तिथलीच खातोय.

नव्या एजन्सीनं युनिफॉर्म दिलाच नाही, नुसता बिल्ला दिला आणि म्हणाले जुना उसवून हा लावून घ्या. युनिफॉर्मचे पैसे मात्र पगारातनं कापणारच, ते आधीच्या दोघांनीही कापले. बायकोनं ब्लेडनं जुना बिल्ला काढला तर खाली त्याच्याही आधीच्या बिल्ल्याची सुईची भोकं, चौकोनच्या चौकोन. शर्ट २०१९ चाच, कॉलर उलटी करून शिवलेली. ती म्हणाली, अहो, तीन मालक बघितले की ह्या शर्टानं.

आता पगाराचं. सगळ्यांना वाटतंय ह्यांना वाढ मिळाली, कारण साडेअकरा हजाराचे साडेचौदा झाले. पण आधी ८ तास ड्युटी होती आणि आठवड्याला सुट्टी, म्हणजे महिन्याला २०८ तास. आता १२ तास, तीसच्या तीस दिवस, म्हणजे ३६० तास. भागाकार करून बघा, तासाला ५५ रुपये पडत होते ते ४० वर आले. मी हे सुपरवायझरला मोबाईलवर करून दाखवलं तर तो म्हणाला, मामा एवढं गणित येतंय तर गेटवर कशाला उभारलाय. त्याच्यावर राग नाही माझा, त्यालाही पेट्रोलचे पैसे मिळत नाहीत आणि रात्री दर तासाला आमचे सेल्फी ग्रुपवर आले नाहीत तर त्याचाच पगार कापतात.

चूक वर आहे. कंपनी टेंडर काढते, जो सगळ्यात कमी रेट भरेल त्याला काम. आता माणसाचा पगार, पीएफ, ईएसआय (आजारपणाचा विमा) हे ठरलेलं असताना रेट कमी होतो कुठनं? आमच्यातनंच की. पीएफमध्ये १२ टक्के माझे आणि १२ टक्के मालकाचे असं असतंय, आमच्याकडं दोन्हीकडचे माझ्याच पगारातनं जातात आणि त्याला नाव "सीटीसी", म्हणजे माणसामागं पडणारा एकूण खर्च. पीएफच्या पासबुकात तीन मेंबर आयडी आहेत, दर एजन्सीचा एक, मधल्या एजन्सीचे पाच महिने कोरेच. कंपनीच्या एचआरला विचारलं तर म्हणतात ते तुमच्या ठेकेदाराचं बघा. २०२५ पर्यंत चाललेल्या १९७० च्या ठेका कामगार कायद्यात साफ लिहिलं होतं की ठेकेदारानं पगार थकवला तर तो मूळ मालकानं द्यायचा, पण हे गेटवर उभं राहून कोण कुणाला सांगणार.

ट्रेनिंगचं तर विचारूच नका. २००५ च्या सिक्युरिटी एजन्सी कायद्याखालच्या नियमांत १०० तास वर्गात आणि ६० तास फिल्डवर असं आहे, फौजेतनं आलेल्यांना कमी. माझं ट्रेनिंग वीस मिनिटांचं. मोठ्या साहेबांची गाडी कुठली ते ओळख आणि सलाम लवकर मार, संपलं. फायर सिलिंडरची पिन कशी ओढायची ते मी यूट्यूबवर शिकलो.

२०१९ च्या ऑगस्टात महापूर आला, सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. माझी ड्युटी सोडवायला येणारा रिलीव्हर हरिपूरचा, त्याच्या घरात पाणी, तो कुठला येतोय. मी तीन दिवस तीन रात्री त्याच गेटवर, बिस्किटावर आणि समोरच्या टपरीवाल्या मावशींच्या चहावर काढले. साहेबांनी फोनवर शाबासकी दिली. ओव्हरटाइम दुप्पट रेटनं मिळायला पाहिजे होता, साधा मिळाला, तोही दिवाळीनंतर.

आणि परवा जॉइनिंग फॉर्म भरताना एजन्सीचं पोरगं, माझ्या मुलाएवढंच असेल, रुजू तारखेच्या रकान्यात १ तारीख टाकत होतं. म्हटलं बाळा, २०१९ टाक, ग्रॅच्युइटीला सलग वर्षं लागतात. ते म्हणालं, काका सिस्टीमच घेत नाही मागची तारीख. मागं लाईन होती, आठ जण होते, सगळे माझ्यासारखेच जुने-नवीन. सही केली.

पण फॉर्मचा फोटो काढून ठेवलाय, आणि २०१९ पासनं माझ्या वहीत रोजची इन-आऊटची वेळ लिहिलेली आहे, चार वह्या झाल्यात. अशा वह्या घेऊन लेबर ऑफिसला कुणी गेलं असेल, काही झालं असेल तर सांगा. फोन रात्री करू नका, ड्युटीवर उचलता येत नाही.